घसाऱ्याची खूण

हे लिहायचा हक्क खरं तर माझा नाही, ताईचा आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली आम्ही दोघंच पहिली. चार लोक वाचतील असं लिहायची मला सवय नाही, म्हणून आधीच माफी मागतो. ताईला म्हटलं होतं, तूच लिही. तिनं हातांनीच सांगितलं, ‘मला अकाउंट्सचा अभ्यास आहे. तू लिही.’

ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. कर्णबधिर मुलांच्या शाळेतून बारावी करून ती कॉमर्सला आली. मी त्याच कॉलेजात सायन्सला. आमच्या घणसोलीच्या खोलीवरून दोघं चालतच जातो. तिच्या वर्गात फळ्याशेजारी उभा राहून, सर बोलतील ते मी खुणांनी सांगायचो. निम्म्या खुणा तिच्या शाळेतल्या, निम्म्या आमच्या घरच्या. अकाउंट्समधल्या ‘घसारा’ला, म्हणजे डेप्रिसिएशनला, खूणच नव्हती. मी पायातली झिजलेली चप्पल दाखवली आणि तळव्यावर तळवा घासला. ताईला हसू आलं. पप्पा रबाळ्याच्या कंपनीत मशीनवर असतात. मशीनची किंमत दरवर्षी कमी का धरतात, हे मग तिनंच मला समजावलं.

अडचण एवढीच की तिची लेक्चर्स आणि माझी प्रॅक्टिकल्स एकाच वेळी असायची. पुढच्या सत्रातही असंच चाललं तर परीक्षेला बसता येणार नाही, असं आमच्या मॅडमनी मला बजावलं. मी घरी काही बोललो नाही, पण ताईनं माझ्या तोंडावरून ओळखलं आणि माझ्याकडून सगळं काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती मला ऑफिसात घेऊन गेली. कॉलेजनं खुणांची भाषा शिकलेला दुभाषी नेमावा, असं तिचं म्हणणं होतं. ते मीच बोलून दाखवत होतो.

हेडक्लार्क काका मनानं चांगले. ते म्हणाले, “अगं, घरचा भाऊ असताना बाहेरचा माणूस कशाला?”

ताईचे हात लगेच उठले. स्वतःबद्दलच बोलायचं म्हणून मी जरा अडखळलो. “ती म्हणते, भावाचंपण कॉलेज आहे.”

“पण दुभाषी हे पदच नाही आपल्याकडे. शिपाई आहे, लॅब असिस्टंट आहे. याचा पगार मी कशात दाखवू?” ते थोडा वेळ पेन फिरवत बसले. “असं करू. भावालाच शिपायाच्या रोजावर लावू. टेन्शन नको, घरचे पैसे घरात.”

मला ते पटलं होतं. आईलाही. चपात्या लाटता लाटता ती म्हणाली, “मिळत्यात तर घे की. न्हाईतरी फुकटच हात नाचवतोयस.”

ताईनं मान हलवली. ‘यानं ते पैसे घेतले तर हे काम कायमचं शिपायाच्या रोजाचंच राहील. आणि माझ्यामागून येणाऱ्या मुलीला भाऊ नसला तर?’

आईनं चपाती तव्यावर टाकली. “हिला वकील करायला पायजे हुतं,” एवढंच म्हणाली. पण त्या दिवशी पहिली चपाती ताईच्या ताटात पडली.

ताईची मागणी साधी होती. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना तासाला जे मिळतं, तेच दुभाष्याला मिळावं, कारण सरांचा तास तिच्यापर्यंत तोच पोचवतो. दर सोमवारी ती ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. काका लांबूनच ‘अजून नाही’ अशी खूण करायचे. ती खूण त्यांना तिनंच शिकवली होती. मी तिच्या मागे उभा असायचो आणि मला फार अभिमान वाटायचा, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

नवं सत्र सुरू झालं. एक दिवस तिच्या सरांची रजा होती, म्हणून मी लॅबमध्ये होतो. ब्युरेटच्या नळीतून फ्लास्कमध्ये थेंब थेंब सोडत होतो, रंग बदलला की थांबायचं; तेवढ्यात दाराच्या काचेपलीकडे ताईचे हात दिसले. लॅबमध्ये कुणालाच काही कळलं नाही. मला सगळं कळलं. पद मंजूर झालं. दर शिक्षकांचाच. ठाण्याहून एक बाई येणार, सोमवारपासून.

मग तिनं तळव्यावर तळवा घासला. ‘ही खूण त्या बाईंना मी शिकवीन. तू तुझं बघ, फ्लास्कमधला रंग कधीच बदललाय.’