साहेबांच्या वाट्याची शाल
कपाटातून शाल काढली, की डांबरगोळ्यांच्या वासासरशी विद्यापीठातली ती उन्हाळ्यातली दुपार आठवते. मी विभागाच्या कार्यालयात अधीक्षक होतो. विभागप्रमुखांच्या मार्गदर्शनाखालच्या एका मुलीची पीएचडीची व्हायवा नुकतीच संपली होती. बाहेरगावच्या परीक्षकांच्या जेवणासाठी विश्रामगृहाला फोन करायचा होता, आणि फोन विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये. खुर्चीमागं कूलर चालू होता, म्हणून बोलता बोलता मी त्यांच्याच खुर्चीत टेकलो. फोन ठेवतोय तोच मुलीचे वडील आत आले, देवगाव रंगारीचे, धोतर-टोपीतले. "साहेब, तुमच्यामुळं पोरगी डाक्टर झाली बघा," म्हणत त्यांनी डांबरगोळ्यांच्या वासाची, ट्रंकेतली ठेवणीतली शाल माझ्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला आणि माझ्याहून कितीतरी मोठा तो माणूस माझ्या पायांवर वाकला. मी साहेब नाही, हे लगेच सांगायचं ना! पण ऐकायला बरं वाटलं, आणि तेवढ्यात दारात खुद्द विभागप्रमुख उभे, मागं ती मुलगी. "अप्पा, सर हे आहेत," ती पुटपुटली. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "चुकलं, माफी करा," ते म्हणाले, तेही माझ्याकडंच बघून. शाल एकच होती. मी ती उतरवली, घडी घालून त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी ती सरांना पांघरली. नारळ मात्र माझ्याच हातात राहिला. तो कुणी मागितला नाही. पुढं माझ्या निरोप समारंभात खांद्यावर ही कपाटातली शाल पडली, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी दाराकडं बघत होतो.