देवीदासभाऊ लाइव्ह येतात

साडीच्या दुकानातून गिऱ्हाईक उठून गेलं की मागे उलगडलेल्या साड्यांचा ढीग उरतो. आमच्याकडे किश्शांचाही तसाच ढीग झालाय. आज थोड्या घड्या घालून ठेवते!

मी अमरावतीच्या एका साडीच्या दुकानात डिजिटल मॅनेजर आहे. म्हणजे मोबाइल धरते. आमचे मालक अण्णाजी एक दिवस म्हणाले, "गिऱ्हाईक मोबाइलात जाऊन बसलं. आपनबी तिथंच जाऊ. दिवाळीपर्यंत जमलं तं ठीक, नाई तं शटर!"

जुने सेल्समन देवीदासभाऊ गारच पडले. साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण कॅमेऱ्यासमोर? "काहून बेइज्जती करता? बायकोनं पाह्यलं तं म्हणन, मले एक साडी धड दाखवली नाई अन् जगाले दाखवून राह्यला!"

* * *

पहिला लाइव्ह. भाऊ गादीवर मांडी घालून बसले आणि सवयीने म्हणाले, "बसा ताई, पाणी घ्या." नुसतं म्हणाले नाहीत, भरलेला ग्लास कॅमेऱ्यापुढे धरला!

"भाऊ, साडी दाखवा!" मी कुजबुजले.

"थांब वं, आधी पाणी तं पिऊ दे त्याईले!"

* * *

अण्णाजींनी दुकानाचं लोकेशन नकाशावर टाकलं. टाकताना बसले होते घरी! अकोल्याचं एक अख्खं कुटुंब लग्नाच्या खरेदीला थेट त्यांच्या घरी पोचलं. अण्णाजी दुकानातून धापा टाकत घरी येईपर्यंत त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, स्वतःच्या कपाटातल्या, घडीही न मोडलेल्या दोन साड्या विकल्या होत्या.

"तुमी आले नसते तं तिसरीबी गेली असती!" काकू चिडून म्हणाल्या.

* * *

एक ताई लाइव्हवर अडून बसली, "रंग खरा वाटत नाई." दुकानात असं कुणी म्हटलं की भाऊ साडी उजेडात नेतात. तसेच निघाले! खांद्यावर राणी रंगाचा पदर टाकून भाऊ भर रस्त्यात, मागे मोबाइल धरून मी. ट्रॅफिक थांबलं. ताई "हो" म्हणेपर्यंत एका स्कूटरवाल्याने ती साडी घेऊनही टाकली!

मग हे रोजचंच झालं. पॅकिंगला दोन मुली लागल्या, समोरच्या चहावाल्याने दुसरी शेगडी घेतली. अण्णाजी शटरचा विषय विसरले. भाऊ मात्र रोज विचारायचे, "आमच्या गावचं, नांदगाव पेठचं कोनी पाहून तं नाई राह्यलं ना?"

* * *

दिवाळीच्या तोंडावर "नांदगाव पेठची ताई" कमेंट करू लागली. निळी दाखवा. पदर दाखवा. परत दाखवा. भाऊंना घाम फुटला, पण धंदा तो धंदा. "ताई, तुमच्यावर लय खुलन, डोळे मिटून घ्या!" ताईने घेतली.

"पार्सल मीच नेतो," भाऊ म्हणाले. "हात जोडून सांगतो तिले, माया घरी बोलू नोको."

माझ्या स्कूटीवर निघालो. गावात शिरल्यावर मी ताईंना फोन लावला. "सरळ या," पलीकडून आवाज आला, "हिरवा दरवाजा."

मागे बसलेले भाऊ स्कूटीवरून उतरायलाच लागले.

दार वहिनींनीच उघडलं. पार्सल काढून घेतलं, भाऊंना त्यांच्याच ओट्यावर बसवलं आणि भरलेला ग्लास पुढे धरला.

"बसा भाऊ, पाणी घ्या."