कॉलरमधला पत्ता

टाकेबाईंचं खरं नाव आता फक्त कोर्टाच्या कागदांवर उरलं होतं. बाकी सगळ्यांना त्या टाकेबाई. कपडे दुरुस्तीच्या दुकानात मशीनवर बसायच्या आणि त्याच दुकानाच्या माळ्यावर पोरीला घेऊन राहायच्या. दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरला दुकानाच्या नावपत्त्याची पट्टी लावायची, हा मालकांचा नियम. टाकेबाईंच्या हाताने तो झोपेतही पाळला असता.

नवऱ्याने आधी पोर आपली नव्हेच म्हणून कानांवर हात ठेवले होते. तपासणीत ती त्याचीच निघाली, आणि खर्च द्यायची वेळ येताच त्याला तिचा एकदम लळा लागला. कोर्टाने दोघांकडे सतरा चौकशा केल्या. जन्मतारीख, फोन, नोकरी, गाडीचा नंबर, राहता पत्ता. एकाने दिलेली माहिती दुसऱ्यालाही मिळणार होती. टाकेबाई पत्त्यापाशी अडल्या. मागच्या घराचं दार त्या माणसाने लाथेने मोडलं होतं, आणि दारामागे त्यांचं मनगट होतं.

"जिवाला धोका असेल तर पत्ता झाकता येतो, बाई," खिडकीतला कारकून म्हणाला. "तसा अर्ज करा."

"आणि तरी त्याला कळला तर?"

"आमच्याकडून नाही कळणार."

अर्ज मंजूर झाला. नवऱ्याला जाणाऱ्या प्रतीवर कारकुनाने काळी शाई फिरवली. विरलेलं कापड बघावं तसा टाकेबाईंनी तो कागद उजेडाला धरून पाहिला. अक्षर दिसेना.

"तुमचा पत्ता कट!" कारकून म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाला.

सुनावणी झाल्यावर बापलेकीला व्हरांड्यात, शिपायाच्या देखत, भेटायची मुभा मिळाली. टाकेबाई खिडकीशी सह्या करत होत्या, पण जीव सगळा व्हरांड्यात. पोर परत आली ती हसतच.

"पपा चांगले आहेत गं. माझं जाकीट मानेला टोचत होतं ना, त्यांनी बघितलं."

ते जाकीट मोठं होतं म्हणून टाकेबाईंनीच मशीनवर घेऊन लहान केलं होतं. त्यांनी कॉलर उलटली. आत चार दोरे लोंबत होते.

"इथली पट्टी कुठंय?"

"पपांनी दातांनी काढली. मग नीट घडी करून खिशात ठेवली. म्हणाले, हरवायला नको."

टाकेबाईंना राग आला, पण नवऱ्याचा नाही, स्वतःच्या उजव्या हाताचा. त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या.

"आता काय राहिलं, बाई?"

"पत्ता बदलला तर कळवावं लागतं ना?"

"लागतं तर! लगेच. सांगा नवा पत्ता."

"तो शोधायचाय अजून," टाकेबाई म्हणाल्या. "पण जुना आत्ताच खोडा."