डाव्या कोपऱ्याच्या दोन पकडी

संशय मला वारशाने मिळाला. वडील अलिबागच्या कोर्टात कारकून होते आणि घरी दूध आलं तरी ते भांडं उजेडाकडे धरून पाहत. मी मास्तर झालो आणि स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी रेवदंड्याजवळच्या एका कोळीवाड्यातल्या शाळेवर गेलो, तेव्हा हा वारसा सोबत घेऊनच गेलो. शेजारी हसून बोलला तरी त्याला काय हवं असेल, हा प्रश्न माझ्या मनात आधी यायचा.

त्या गावाला हुतूतूचं वेड होतं. मासळी वाळवायच्या खळ्यावर वाळू टाकून मैदान केलेलं. अक्षर चांगलं म्हणून मंडळाने सामन्यांची वही माझ्याकडे दिली. कोणत्या गड्याने चढाईत किती मारले, कोणी किती पकडी केल्या, हे मी शाळेच्या हजेरीसारखं मांडत असे. माणसं खोटं बोलतात, आकडा बोलत नाही, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटे.

संघाचा कप्तान गावातल्या एका होडीचा तांडेल होता, म्हणजे समुद्रावर होडी चालवणारा मुख्य माणूस. संघातले बाकी गडी त्याच्याच होडीवर जाळी ओढणारे. पकडींच्या रकान्यात त्याच्या नावापुढे रेघांची दाटी असायची. आणि डाव्या कोपऱ्यावर खेळणारा एक शांत, बावीस-तेवीस वर्षांचा गडी होता, त्याच्या नावापुढे अख्ख्या मोसमात दोन रेघा. फक्त दोन! तरी त्याला कधी वगळत नसत. मी चौकशी केली. कप्तानाच्या बहिणीशी त्याचं लग्न ठरलेलं. झालं, माझ्या डोक्यातलं कोडं सुटलं. मेव्हण्यासाठी जागा अडवून ठेवलीय, एवढं साधं गणित.

आता माझी वही कशी भरायची तेही सांगतो. लोक रेघेला खेटून उभे राहत आणि पकड झाली की सात गडी एकावर एक पडत. माझ्या बाकावरून मला धूळ आणि पाठी दिसत. मग डाव संपला की मी गड्यांना बोलावून विचारायचो, पकड कोणाची? सगळे एका तोंडाने म्हणत, तांडेलाची. डावा कोपराही तेच म्हणे. त्यात मला लाचारीचा वास येई, पण साक्ष सगळ्यांची एक आहे म्हटल्यावर मी लिहीत असे.

मोसम संपता संपता बातमी आली की मुंबईच्या एका गिरणीला आपल्या संघासाठी कोपऱ्यावरचा गडी हवा आहे. निवड झाली की गिरणीत कायमची नोकरी. दुसऱ्याच दिवशी डाव्या कोपऱ्याची आई माझ्या दारात उभी राहिली. तिचा थोरला मुलगा होडी उलटून गेला होता. तेव्हापासून हा धाकटा होडीवर बसला की पांढराफटक पडायचा आणि तरी रोज जायचा, कारण दुसरं काम नव्हतं. पोराबद्दल दोन शब्द बरे लिहा, एवढंच ती म्हणाली आणि पानात बांधलेली सुकी सुरमई पुढे केली. मी ती परत केली. लाच ओळखल्याच्या आनंदात मला त्या रात्री छान झोप लागली, हे सांगताना आज लाज वाटते.

गिरणीचा माणूस रेवसच्या लाँचने उतरून एसटीने आला, पण शेवटचा सामना संपल्यावर. खेळ बघायला मिळाला नाही, म्हणून त्याने वही मागितली. पाहून म्हणाला, कप्तान द्या. कप्तानाने होडी सोडून येणार नाही म्हणून सांगितलं आणि डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बाजूला घेऊन मेव्हण्याचं नातं सांगितलं. तो हसला, वही मिटली आणि पुढच्या गावाला गेला.

संध्याकाळी कप्तान शाळेत आला. रागावला नव्हता, चकित झाला होता.

"मास्तर, जालं सगली मिलून वढतान. म्हावरा मातर तांडेलाचाच बोलतान. आमी खेलान बी तेच बोललो. पाय धरनारा तो व्हता."

म्हावरा म्हणजे मासळी, एवढं मला कळत होतं. मी वही उघडली. त्या दोन रेघा कोणत्या सामन्यातल्या ते पाहिलं. दोन्ही वेळा कप्तान बाद होऊन बाहेर बसलेला होता. आत तांडेलच नव्हता, म्हणून नाईलाजाने पकड धरणाऱ्याच्या नावावर गेली होती. हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. आकडा खोटं बोलला नव्हता, पण तो कोणत्या रिवाजातून आला हे विचारायचं मला सुचलं नाही. जगावर संशय घेणाऱ्या मी स्वतःच्या वहीवर तेवढा घेतला नाही.

मी गिरणीला पत्र लिहिलं. सगळा खुलासा केला, वही चुकली असं कबूल केलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सामने संपल्यावर दुरुस्त केलेले आकडे आम्ही मानत नाही, आणि अशी शिफारस करणाऱ्याचा त्यात काय संबंध आहे अशी शंका येते, असं त्यात होतं. ते वाक्य मीच लिहिलं असतं.

डाव्या कोपऱ्याला वाचता येत नव्हतं. तो ओसरीवर बसला आणि मी त्याला पत्र वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. तो शिव्या देईल अशी माझी तयारी होती. तो एवढंच म्हणाला,

"मीच तर तुमाला तांडेलाचा नाव सांगला, मास्तर. तुमी काय करशाल?"

इतक्या सरळ बोलण्यामागे काय असेल, हे मी त्याही क्षणी शोधत होतो. त्यामागे काही नव्हतं. तो उठला, सकाळी भरती लवकर आहे म्हणाला आणि होडीचं सामान काढायला गेला.