हबीबभाईंचा साउंड चेक

माइकचा स्टॅण्ड आपोआप पडला नव्हता. हबीबभाईंनी तो पाडला होता. पाडून झाल्यावर ते स्टेजच्या कडेला आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या पोरीचे कान तपासून आना आधी!"

हॉल रिकामा होता, म्हणून ते वाक्य सगळीकडे घुमलं. खुर्च्या लावणारे थांबले. माझा असिस्टंट अमोल केबल गुंडाळत होता, तो तसाच उभा राहिला. अकोल्यातली दुपार, संध्याकाळी कार्यक्रम, तिकिटं संपलेली. आणि आमचा साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, पहिल्या गाण्याच्या पुढे सरकत नव्हता.

मी साउंड इंजिनियर आहे. अमरावतीला राजापेठेत आमचं दुकान आहे. दुकान म्हणजे स्पीकर आणि वायरींचं गोदाम, पुढे एक टेबल. माझं काम लाइव्ह मिक्सिंगचं. स्टेजवरचा प्रत्येक आवाज वेगळ्या तारेतून माझ्या मिक्सरवर येतो आणि लोकांना कोणाचा किती ऐकू जायचा ते मी ठरवते. चांगलं झालं की टाळ्या गायकाला. बिघडलं की सगळा हॉल मान वळवून माझ्याकडे बघतो.

हबीबभाईंना मी लहानपणापासून ऐकलं होतं. वऱ्हाडात गाण्याचं वेड असलेल्या कोणत्याही जुन्या माणसाला विचारा, तो आधी त्यांच्या आवाजाबद्दल बोलेल आणि मग कपाळाला हात लावेल. अकोल्याच्या एका टेलर कुटुंबातला हा माणूस. गझल, कव्वाली, भजन, वऱ्हाडी गाणी, सगळं गायचे. आवाज जाड, कडेला थोडा फाटलेला. पण वर चढला की ऐकणारा हातातलं काम सोडायचा. माझे बाबा म्हणायचे, हा माणूस गळ्याने गात नाही, जिवाने गातो.

स्वभावाने मात्र सगळं घालवलं. धामणगाव रेल्वेला एका रिसेप्शनमध्ये लोक जेवता जेवता बोलत होते, म्हणून हे दुसऱ्या गाण्यात पेटी बंद करून निघून गेले. अमरावतीत निवेदकाने नाव चुकीचं घेतलं, तर त्याच्या हातातला माइक ओढून घेतला. मुंबईला एकदा रेकॉर्डिंगसाठी बोलावणं आलं होतं. तिथे संगीतकाराला तोंडावर 'तुले सूर समजत नाही' म्हणाले आणि मिळेल त्या गाडीने परत आले. हळूहळू फोन येणं बंद झालं. गेली कित्येक वर्षं ते घरीच पेटीच्या शिकवण्या घेत होते.

त्या दिवशी त्यांना स्टेजवर आणलं ते तायडे सरांनी. सर निवृत्त प्राध्यापक, कार्यक्रम करणाऱ्या मंडळाचे सचिव. मुंबईहून येणाऱ्या गायकाचा घसा बसला, त्याने आदल्या दिवशी कळवलं. सरांसमोर दोनच रस्ते होते. कार्यक्रम रद्द करायचा, नाहीतर हबीबभाईंना विचारायचं.

"सर, रिस्क आहे," मी फोनवर म्हणाले होते.

"माहीत आहे मले," सर म्हणाले. "पण आवाज आहे ना त्याच्यापाशी. एक डाव खेळून पाहू."

तबल्याला त्यांनी गजाननभाऊ वानखड्यांना बोलावलं. भाऊ भातकुलीचे, शाळेत शिक्षक. एके काळी हबीबभाईंची साथ तेच करायचे. मग कुठेतरी बिनसलं आणि दोघं बोलेनासे झाले. सरांच्या शब्दाखातर आले होते.

तर साउंड चेक. हबीबभाईंची तक्रार एकच, "माहा आवाज मले भेटून नाही राहिला."

गायकाच्या पायाशी त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर असतो, त्याला आम्ही मॉनिटर म्हणतो. स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. तक्रार आली की आम्ही पहिल्यांदा मॉनिटर वाढवतो. मी वाढवला. ते ओरडले. आणखी वाढवला. तेव्हा शिट्टी वाजली. मॉनिटरचा आवाज परत माइकमध्ये शिरला की ती कर्कश शिट्टी येते, त्याला फीडबॅक म्हणतात. तेव्हाच स्टॅण्ड पडला आणि माझ्या कानांचा विषय निघाला.

स्टॅण्ड पुन्हा उभा केला. पुढच्या ओळीला ते गजाननभाऊंवर घसरले. "तू काऊन मागं मागं पडून राहिला बे? शाळेत पोरायले शिकवू शिकवू लय गेली का तुही?"

गजाननभाऊंनी ठेका थांबवला. त्यांनी हातोडी पिशवीत टाकली, तबल्यावर कापड बांधलं आणि दोन्ही वाद्यं उचलून बाहेर गेले.

तायडे सर माझ्याजवळ आले. चेहरा उतरला होता. "संपलं. मी लोकायले मेसेज टाकतो, कार्यक्रम रद्द."

"सर, थोडं थांबा," मी म्हणाले.

थांबा का म्हणाले, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. पण एक गोष्ट खटकत होती. गजाननभाऊ मागे पडत नव्हते. मी हेडफोनमध्ये दोघांना ऐकत होते. मागे पडत होते ते हबीबभाई, आणि तेही फक्त जोरात गाताना. हळू गायले की दोघं बरोबर. एवढा पक्का गायक फक्त मोठ्या आवाजात लय सोडेल, हे मला पटेना.

मी स्टेजवर गेले. हबीबभाई पेटीमागे पाठ फिरवून बसले होते.

"भाई, नेमकं काय होते सांगा. शिव्या नंतर द्या."

ते वळले. बहुधा कोणी असं विचारेल याची त्यांना सवय नव्हती. "मी गातो ना बेटा, तं माहा आवाज तिकडून मागून येते आन् मलेच धक्का मारते. मी पुढं जातो, तो मले मागं वढते."

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि जोरात टाळी वाजवली. क्षणभराने दुसरी टाळी ऐकू आली. अगदी स्पष्ट, जणू समोरच्या टोकाला कोणीतरी उभं आहे.

हॉलची मागची, म्हणजे स्टेजच्या समोरची भिंत गुळगुळीत, सपाट होती. आमचे मोठे स्पीकर थेट तिच्यावर रोखलेले. आवाज भिंतीवर आदळून परत स्टेजवर यायचा, पण उशिरा. माझा मिक्सर हॉलच्या मध्यावर, तिथे हे जाणवत नव्हतं. स्टेजवर मात्र गायकाला स्वतःचाच शिळा आवाज ऐकू येत होता. साधा गायक तो ऐकून न ऐकल्यासारखा करतो. ह्यांचे कान एवढे तीक्ष्ण, की ते त्या परत आलेल्या आवाजाबरोबर जायला लागायचे. आणि मॉनिटर वाढवून मी गोंधळ वाढवत होते.

"भाई, तुमचं बरोबर आहे," मी म्हणाले. "भिंत मारते आहे आवाज."

ते पेटीवर हात टेकून पुढे झुकले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे मी किती वर्षापासून सांगून राहिलो. हरेक हॉलात. सारे म्हनत, हबीब येडा झाला."

"तुम्ही सांगत नव्हते भाई. तुम्ही स्टॅण्ड पाडत होते."

मागे अमोलच्या हातातली केबल खाली पडली. हबीबभाईंनी एकदा स्टॅण्डकडे बघितलं.

"भिंतीचं मी बघते," मी म्हणाले. "गजाननभाऊंचं तुम्ही बघा. ते मागे पडत नव्हते. त्यांच्याशिवाय मी साउंड लावणार नाही."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. उठले आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून बाहेर गेले.

आम्ही कामाला लागलो. मोठे स्पीकर वाकवून खाली, खुर्च्यांकडे वळवले, म्हणजे आवाज माणसांवर पडेल, भिंतीवर नाही. हॉलच्या स्टोअरमध्ये जुने मखमली पडदे होते, जड आणि धुळीने भरलेले. शिंकत शिंकत ते मागच्या भिंतीवर टांगले. जाड कापड आवाज गिळतं. मॉनिटर अगदी कमी केला. तबल्याची जागा पेटीच्या बाजूला, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ केली. घरगुती मैफलीत बसतात तशी.

तायडे सर खिडकीशी उभे होते. त्यांनी मला बोलावलं. "पाहून घे."

खाली पार्किंगमध्ये गजाननभाऊंच्या गाडीची डिकी उघडी होती. हबीबभाई हात हलवून काहीतरी बोलत होते. काय, ते ऐकू आलं नाही. गजाननभाऊ मान खाली घालून ऐकत होते, मग त्यांनी मान हलवून नकार दिला. मला वाटलं, गेलं. तेवढ्यात हबीबभाईंनी डिकीत वाकून डग्गा उचलला, छातीशी धरला आणि हॉलकडे चालायला लागले. मागे न बघता. गजाननभाऊंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी तबला उचलला, डिकी लावली आणि मागोमाग आले.

वर आल्यावर हबीबभाईंनी डग्गा स्वतःच्या हाताने जागेवर ठेवला. "इथं बस. माह्याजवळ," एवढंच म्हणाले.

पहिली ओळ गायले आणि मध्येच थांबले. सगळे दचकले. त्यांनी मागच्या भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गेला," म्हणाले. "तो धक्का गेला." मग पूर्ण गाणं गायले. खुर्च्या लावणारा एक जण खुर्चीवर बसूनच राहिला.

संध्याकाळी हॉल खच्चून भरला. मुंबईचा गायक नाही म्हटल्यावर सुरुवातीला कुजबुज होती. दुसऱ्या गझलेपर्यंत ती थांबली. तिसरी संपल्यावर म्हाताऱ्या माणसांनी उभं राहून दाद दिली. माझ्या दोन्ही हातांखाली फेडर होते, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या. मी त्यांना जवळजवळ हात लावत नव्हते. चांगला गायक जमला की साउंडवाल्याने गप्प बसायचं असतं.

मग त्यांनी स्वतः रचलेलं एक वऱ्हाडी गाणं घेतलं. "बस ना माह्या जिवा, अजून सावली हाये..." आवाज अगदी खालून उचलत वर नेला. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. आणि बरोबर त्याच वेळी दार उघडलं आणि उशिरा आलेले प्रमुख पाहुणे चार-पाच माणसांसह मधल्या वाटेने आत आले. कोणाच्या तरी हातात हार होता.

मंडळाचा एक कार्यकर्ता धावत माझ्याकडे आला. "मॅडम, आवाज खाली घ्या! सत्कार करायचा आहे."

"गाणं चालू आहे."

"मी सांगून राहिलो ना! घ्या खाली!"

मी तायडे सरांकडे बघितलं. ते पहिल्या रांगेत होते. त्यांनी हाताने मला आवाज तसाच ठेवायची खूण केली. मी बोट फेडरवरून काढलं आणि आवाज एकदम बंद करायच्या म्यूटच्या बटणावर ठेवलं. हबीबभाईंनी माइकवरून पाहुण्यांचा उद्धार सुरू केला, तर निदान लोकांना तो ऐकू जाऊ नये.

हबीबभाईंनी पाहुण्यांना बघितलं. पेटीवरचा हात थांबला. मान ताठ झाली. गजाननभाऊंनी ठेका सोडला नाही. फक्त गुडघ्याने त्यांच्या गुडघ्याला हलकंच ढोसलं.

हबीबभाई हसले. खरंच हसले. मग हात लांब करून, थेट पाहुण्यांकडे बघत, त्यांनी तीच ओळ पुन्हा उचलली. "बस ना माह्या जिवा..."

पूर्ण हॉल हसला आणि टाळ्या पडल्या. पाहुणेही हसले, हात जोडले आणि जी खुर्ची रिकामी दिसली तिच्यावर बसले. हारवाला माणूस खाली वाटेतच बसला. मी म्यूटवरचं बोट काढलं. हबीबभाईंनी ती ओळ इतक्या वेळा, इतक्या तऱ्हांनी फिरवली की मला मोजायचंही सुचलं नाही. गाणं संपलं तेव्हा हॉल उभा होता. सगळ्यात आधी पाहुणे उठले होते.

त्या ओळीची कोणीतरी काढलेली क्लिप नंतर व्हॉट्सअॅपवर गावोगाव फिरली. यवतमाळ, वाशीम, नागपूरहून बोलावणी आली. मागच्या महिन्यात त्यांचा स्वतःच्या रचनांचा पहिला अल्बम आमच्या ओळखीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला, तबल्यावर गजाननभाऊ. स्वभाव बदलला म्हणाल तर नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशीही ते एसीच्या आवाजावरून तिथल्या माणसाला नको नको ते बोलले. त्या माणसाने तपासलं. एसी खरंच वाजत होता.

आता नवीन मुलांना काम शिकवताना मी एक गोष्ट सांगते. गायक ओरडत असेल तर त्यातल्या शिव्या वजा करायच्या. जे उरतं ते बहुतेक वेळा टेक्निकल असतं.