बंबाशेजारची ताजी हवा

माझ्या शिकवणीत पोरं झोपतात. मलकापुरात घराच्याच पुढच्या खोलीत मी संध्याकाळी इतिहास शिकवतो, आणि एखादा तह सुरू व्हायचा अवकाश, की मागच्या ओळीपासून माना पडायला लागतात. बायको म्हणते, "तुमचं आयकून मलेबी सैपाकघरात पेंग येते." माझं म्हणणं, खोलीची हवाच खराब. हायवेच्या धुळीपायी खिडक्या बंद, आत वीस-पंचवीस पोरं कोंबलेली, मग झोप नाही तर काय येणार? माझं शिकवणं झोपाळू आहे, हे मी मरेपर्यंत कबूल करणार नव्हतो. शेवटी डोकं सटकलं आणि म्हटलं, थांब, पुराव्यानिशी दाखवतो.

हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा एक स्वस्तातला सेन्सर मी ऑनलाइन मागवला. काडेपेटीएवढा जीव, त्याला इवलासा पडदा आणि एक बटण. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की आधी त्याला वीस मिनिटं मोकळ्या, ताज्या हवेत ठेवा आणि मग बटण दाबून धरा. त्या हवेला तो चारशे धरतो, बाकी सगळं तिच्यावरून मोजतो. आकडा हजाराच्या वर गेला की माणूस जडावतो, असंही त्यात होतं. म्हटलं, आता बोल!

सकाळी उठून मी तो मागच्या अंगणात, न्हाणीच्या कट्ट्यावर मांडला. अंगणाहून मोकळी हवा आणखी कुठली? वीस मिनिटं नुसतं काय बसायचं, म्हणून तेवढ्यात बंबाचं कढत पाणी काढून मस्त आंघोळ उरकली. बाहेर येऊन ओल्या हातानंच बटण दाबलं.

संध्याकाळी अर्धा वर्ग घोरत होता आणि आकडा होता साडेचारशे. मी यंत्र उलटं करून पाहिलं, फुंकून पाहिलं. बायकोनं दारातून डोकावून आकडा वाचला. "हवा तं निर्दोष सुटली, हो," ती म्हणाली. त्या रात्री मला भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चडफडत सेन्सर गच्चीवर नेला. आकडा उतरत उतरत शून्यावर टेकला. शून्य! मलकापूरच्या हवेत! कठड्यावरून खाली पाहिलं, तर न्हाणीचा कट्टा, त्याला खेटून बंब, आणि बंबाशेजारी पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग. हात्तिच्या! घरात गिझर असून थंडीत मला बंबाचंच पाणी लागतं. मीच काल सकाळी त्यात पऱ्हाटी कोंबली होती, आणि माझ्या आंघोळीपायी ते बिचारं यंत्र वीस मिनिटं धूर खात बसलं होतं. त्या धुरालाच ते ताजी हवा समजलं.

मग गच्चीवर सगळं पुन्हा केलं. श्वाससुद्धा दूर कोपऱ्यात जाऊन घेतला. संध्याकाळी वर्गात आकडा दोन हजारांच्या पार! कणीक मळणाऱ्या बायकोला मी तशाच भरल्या हातांनी ओढत आणलं. "पाह्य! पाह्य म्हणतो मी!"

तिनं पाहिलं. "मंग उघडा ना खिडक्या."

सगळ्या उघडल्या. गार वारा आत आला, ट्रकांचे हॉर्न आले, आकडा झरझर उतरला. मला इतका आनंद झाला की मी तह उभ्यानं, हातवारे करत शिकवायला घेतला. पहिलं कलम झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला मागच्या ओळीतली एक मान पडली. मग दुसरी. मग पहिल्या बाकावरची, जी आजवर कधी पडली नव्हती.

मी सेन्सर हातात घेतला. पाचशे वीस. या खेपेला तो तंतोतंत बरोबर होता.

बायको दारातच उभी होती. आता टोमणा येणार म्हणून मी मान खाली घातली. पण ती पाय न वाजवता आत आली आणि एकेक खिडकी लावत गेली.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "निजलेल्या लेकरायले वारं लागन."