हिरवा दोरा

"बेन, हाथ जोडो. सामे जुओ."

हात जोडा, समोर बघा, शेठ तिसऱ्यांदा म्हणाला. साडीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या. मागे पूरग्रस्तांना वाटायच्या साड्यांचा टेम्पो, समोर त्याची मुलगी मोबाईल धरून उभी. फोटो होईपर्यंत तो साडी सोडणार नव्हता.

डिंडोलीत खाडीचं पाणी आमच्या खोलीत शिरलेलं. आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर. धुळ्याकडून सुरतेत येऊन वीस वर्षं झाली. खाडी घरात येते, आम्ही चिखल उपसतो, पुन्हा भांडी मांडतो. खरं सांगते, आता रडायचाही कंटाळा आलाय. सासू दोन दिवस ओल्या लुगड्यात बसलेली, अंगात कणकण. "लुगडं आंगले चिकटी ऱ्हायनं वं," एवढंच म्हणायची. तिच्यासाठी एक कोरडी साडी हवी होती मला. बस. म्हणून मी हात जोडले. डोक्यावर पदरही घेतला, त्याने सांगितला तसा.

शेठ परका नव्हता. त्याच्याच कारखान्यात मी साड्या तपासायचे. फाटका, डागी पीस निघाला की तिथे दोरा बांधायचा. प्रत्येक बाईचा रंग वेगळा. चूक झाली तर कोणाची ते कळावं म्हणून, हा त्याचाच नियम. माझा रंग हिरवा. दोरा ओळखायचा, मला नाही ओळखलं. आठ वर्षांत मेल्याने तोंड बघितलं असेल तर शपथ!

फोटो झाला. साडी हातात आली. घडीच्या कडेला बोटाला काहीतरी लागलं. हिरवा दोरा. माझ्याच हातची दुहेरी गाठ. पदरावर जळालेलं भोक, मूठ जाईल एवढं. हा पीस मीच बाजूला टाकला होता.

मागे रांगेत बाया पदर सावरत उभ्या होत्या. मी साडी उलगडली, मोबाईलसमोर धरली आणि भोकातून हात बाहेर काढला.

"शेठ, हा दोरा माझा. ह्याचाही फोटो घ्या."

"फुकट में मिल रहा है ना?" तो म्हणाला.

"फुकट कुठे? आत्ताच हात जोडून घेतलेत."

साडी टेम्पोत टाकली. मागच्या दोघींनीही घड्या उघडल्या आणि टाकल्या. बाकीच्यांनी घेतल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही.

रिकाम्या हाताने जिना चढले. सासूला सगळं सांगितलं. तिने बसल्या बसल्या पदर पिळला.

"ऱ्हाऊ दे वं. आंगवरच सुकी जाई."

पाणी ओसरलं आणि मला कामावरून काढलं. आता कामाला लांब कडोदऱ्याला जाते, दोन रिक्षा बदलून. पाठ मोडते.

खाडी परत येणार. टेम्पोही येणार. मदत मी घेईन, पूर आमच्या घरात येतो, आम्ही भीक मागायला जात नाही. पण घडी आधी उघडीन, सगळ्यांसमोर. आणि हात जोडणार नाही. सासू ओल्यात बसली असली तरी नाही.